येताना पाच किलो ज्वारी

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आईचा फोन आला. गुडघ्याचं तेल, आण्णांच्या बीपीच्या गोळ्या, शेजारच्या म्हशीचं बाळंतपण अशी नेहमीची यादी झाली आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आन् येताना पाच किलो जवारी घीऊन ये गं. चांगली बघून. इथल्या दुकानातली लई बारीक हाय." मी हो म्हटलं, फोन ठेवला, दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला. आणि मग हातात पक्कड तशीच धरून ओट्यापाशी उभी राहिले.

माझ्या आईने माझ्याकडे ज्वारी मागितली होती.

लग्नाला एकवीस वर्षं झाली. पाडव्याच्या मागेपुढे माहेरून ज्वारीचा कट्टा यायचा. युरियाचं धुऊन वाळवलेलं पोतं, तोंड सुतळीने शिवलेलं, वर निळ्या खडूने माझं नाव. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबहून रात्री निघालेली ट्रॅव्हल्स पहाटे हडपसरला यायची आणि क्लीनर डोळे चोळत डिकीतून तो कट्टा ओढून रस्त्यावर टाकायचा. घरी आणून सुतळी सोडली की आधी कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्याचा कडवट वास, त्यामागून धान्याचा, आणि अगदी तळाशी थोडासा कडब्याचा. सासूबाई मूठभर दाणे तोंडात टाकून कडकन फोडायच्या आणि "यंदा पाणी लागलंय तुमच्या ज्वारीला" किंवा "यंदा झकास" असा निकाल द्यायच्या. गेल्या वर्षी अर्धाच कट्टा आला. ज्वारी जुनी होती, दाण्यांना किंचित भोकं. मी चाळली, उन्हात घातली, आणि आईला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे आता कळतंय. लेकीचं लक्ष कट्ट्यावर असतं, शिवारावर नसतं.

आमच्याकडे रब्बीची ज्वारी कापत नाहीत, उपटतात. पुण्यात हे सांगितलं की लोकांना मी गंमत करतेय असं वाटतं. मालदांडी या वाणाचं ताट पुरुषभर उंच वाढतं. खाली माघातली भेगाळलेली काळी जमीन, आणि मुळं त्या भेगांमध्ये खोल उतरलेली. पहाटे दहिवर असतं तोवर ताटं नरम असतात, पाला चुरत नाही, म्हणून तांबडं फुटायच्या आत पात, म्हणजे कामाची ओळ, धरायची. दोन-तीन ताटं बुडाशी एकत्र धरायची, मनगटाला किंचित पीळ द्यायचा आणि कमरेतून ओढायचं. नुसत्या मनगटाने ओढणाऱ्याचा हात दुपारपर्यंत कामातून जातो. बायका तळहाताला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून यायच्या. ताट निघालं की मुळं पायावर आपटून माती झाडायची. बारा-पंधरा बायका एका ओळीत सरकत असल्या की तो थप् थप् आवाज धुक्यातून घरापर्यंत ऐकू यायचा, आणि अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं की आज आमच्या रानात काढणी आहे. आई कधीच उठून गेलेली असायची. चुलीवर वीस-पंचवीस भाकरी थापून गेलेली.

उपटून झालं म्हणजे काम संपलं असं मुळीच नाही. आडवी टाकलेली ताटं चार दिवस वाळवायची, मग कणसं मोडायची, ताटाचाच पीळ घालून पेंड्या बांधायच्या, पेंड्या वाहून बुचाड रचायचं, कणसं खळ्यावर न्यायची, मळायचं, उपणायचं. माझ्या लहानपणी खळ्यावर बैलांची पात धरलेली मी पाहिली आहे. पुढे मळणीयंत्र आलं आणि आठवड्याचं काम एका रात्रीवर आलं. पण मळणीपर्यंतचं सगळं हातांवरच राहिलं. एकरभर ज्वारी नुसती उपटायलाच आठ-दहा माणसांचा दिवस जातो. ही ओळीने करायची कामं आहेत. एकट्या माणसाने पात धरली तर तासाभराने तो मागे वळून बघतो, मग पुढे बघतो, आणि बांधावर जाऊन बसतो. यात आळसाचा काही संबंध नाही. ओळीत असताना शेजारणीच्या वेगाने आपला हात चालतो, कुणीतरी गाणं धरतं, कुणीतरी सुनेची तक्रार सांगतं, आणि पात कधी संपली ते कळत नाही. म्हणून सावड होती. आज तुझ्या रानात, परवा माझ्या. पैशांचा व्यवहार नाही, फक्त कुणाचे किती दिवस फिटायचे राहिलेत ते बायकांच्या तोंडी असायचं, आणि ते कधी चुकायचं नाही.

या हातांचं काय झालं, हे विचारायला मला लांब जावं लागत नाही. आमच्या गावातली माणसं ऊसतोडीला जातात, आणि ती मोजायची वेगळी रीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असला तर अर्धा. पावसाळ्यातच टोळी ठरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. त्यात कुणाचं लग्न पार पडलेलं असतं, कुणाचा दवाखाना, कुणाच्या घरावर पत्रे चढलेले असतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाड्या येतात आणि पातेली, सरपण, पाण्याचे ड्रम, एखादी शेळी, लहान पोरं असं सगळं भरून टोळ्या निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी पार बेळगावकडे. तिथे उसाच्या फडाजवळ कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत यायचं, म्हणजे मार्च किंवा एप्रिल. लवकर पट्टा पडला तर येरमाळ्याच्या येडाईची चैत्री जत्रा गावात, नाहीतर ती फडातच हात जोडून.

आता हे कॅलेंडर ज्वारीच्या कॅलेंडरवर ठेवून बघा. पेरणी हस्ताच्या पावसावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात. काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. पेरायला माणूस गावात असतो, काढायला नसतो. ऊस तोडायला जाणाऱ्यांतल्या कितीतरी जणांची स्वतःची एक-दोन एकर कोरडवाहू जमीन असते. ते तिफण फिरवून जातात आणि उभं पीक म्हाताऱ्या आईबापावर सोडतात. मध्ये चार दिवस येऊन काढून जाऊ म्हटलं तर खाडा बसतो, म्हणजे भरलेला दिवस तर जातोच, वर दंड पडतो आणि उचलीचा आकडा वाढतो. गावात बैल फारसे उरले नाहीत, आणि जे आहेत त्यांतलेही पुष्कळ उसाच्या गाडीला जुंपलेले असतात. म्हणजे माघात गावात माणूस नाही आणि बैलही नाही. शिवारात मात्र ज्वारी उभी.

पारावर बसलं की एक वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. मजूर मिळत नाही. पूर्वी मीही मान डोलवायची. मग एकदा कामाच्या निमित्ताने जनगणनेचे आकडे चाळताना थबकले. २००१ साली देशात १२.७३ कोटी माणसांनी स्वतःची नोंद शेतकरी म्हणून केली होती, २०११ मध्ये ती ११.८८ कोटी झाली. आणि शेतमजूर? १०.६८ कोटींवरून १४.४३ कोटी. म्हणजे कागदावर तरी मजूर वाढले होते. शेतकरी कमी झाले होते आणि त्यांतले कित्येक मजुरांच्या रकान्यात सरकले होते. मग पारावरचं वाक्य खोटं का? तेही नाही. हात आहेतच. फक्त नेमके त्या सहा आठवड्यांत ते दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्याच्या फडात, पहाटे चार वाजता मोळ्या बांधत असतात. आणि ज्वारीला थांबता येत नाही. सोयाबीन चार दिवस थांबतं, तूर आठवडा काढते. पण पिकलेली ज्वारी थांबली आणि एक रात्र अवकाळी आला, तर मोत्यासारखा दाणा काळपट पडतो. २०१४ च्या गारपिटीत मराठवाड्याने हे भरपूर पाहिलं. पण ती गारपीट होती, तिचे पंचनामे झाले. मजूर आठ दिवस उशिरा मिळाले म्हणून काळ्या पडलेल्या ज्वारीचा पंचनामा होत नाही. ती कुठल्याच रकान्यात बसत नाही.

पारावर बसून मजुरांवर वैतागणाऱ्यांमध्ये आमचे आण्णाही असतात. त्यांचा मुलगा चाकणला आहे. ते ज्यांच्याशी बोलत असतात त्यांचे मुलगे हिंजवडीला, भोसरीला, एक दुबईला. आणि मुलगी पुण्यात, म्हणजे मी. आमच्या जाण्याला गावात "पोरं मार्गी लागली" म्हणतात, आणि कोयता घेऊन जाणाऱ्यांच्या जाण्याला "माणसं माजली". रानातून दोन्हीकडचे हात सारखेच कमी झाले, पण ही गोष्ट पारावर कुणी बोलत नाही. मीही बोलले नाही. आण्णांसमोर कशाला, म्हणून.

आमच्या काढणीला दरवर्षी पात धरणारी एक बाई होती. मी तिला मामी म्हणायची. तिच्याइतका वेगाने हात कुणाचा चालायचा नाही. आईचा तिच्यावर जीव होता, असं मी मोठी होईपर्यंत समजत होते. अजूनही थोडं खरं असेल ते. पण तिचा चहाचा कप आमच्या घरात नव्हता. तो वळचणीला, भिंतीच्या खाचेत पालथा घातलेला असायचा. ती स्वतः काढायची, चहा वरून ओतला जायचा, प्यायली की स्वतः विसळून परत तिथेच. मला ज्वारीच्या काढणीची आठवण येते तेव्हा धुकं येतं, थप् थप् येतं, भाकरी-ठेच्याचा वास येतो, आणि तो कप शेवटी येतो. बऱ्याचदा मी तिथवर जायच्या आधीच आठवण थांबवते. काही वर्षांपूर्वी दिवाळीत ती निघायच्या गडबडीत भेटली. मी शहाण्यासारखं म्हणाले, "मामी, किती हाल होतात तिकडं, इथंच कामं हायेत की." ती ड्रमवर दोरी आवळत होती. वर न बघता म्हणाली, "हायेत की. तुझ्या बापाच्या रानात आज धा रुपय, उद्या वीस. तिकडं उचल एकदाच हातात पडती. घर बांधलं मी, बघितलंस का?" बघितलं होतं. तीन खोल्या, स्लॅबचं. पुढच्या भिंतीला पोपटी रंग. त्या घराला वर्षातले सहा महिने कुलूप असतं.

तिचे हाल होत नाहीत असं तीही म्हणाली नाही.

आण्णांनी शेवटची ज्वारी केली ती तीन वर्षांपूर्वी. दोन एकर मालदांडी. त्यांचा या वाणावर फार जीव. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली ही एम ३५-१, त्यांच्या वडिलांच्या काळापासून घरात आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले वसुधा दिली, फुले रेवती दिली, परभणीच्या विद्यापीठाने परभणी मोती दिली, कृषी सहायक दरवेळी त्यांना काहीतरी नवं सुचवून जातो. आण्णांचं उत्तर ठरलेलं. आपोआप उपटून येणारी जात निघाली की सांगा. तर त्या वर्षी आजूबाजूच्या सगळ्यांनी हरभरा केला होता, कारण हरभरा मशीनने निघतो. त्या पट्ट्यात आमची ज्वारी एकटी. आणि एकट्याची ज्वारी म्हणजे पाखरांची ज्वारी. सगळं शिवार ज्वारीचं असतं तेव्हा चिमण्या, साळुंक्या, पोपट विभागले जातात, प्रत्येकाच्या वाट्याला थोडं नुकसान येतं. एकच रान असलं की दहा रानांची पाखरं तिथेच उतरतात. मी लहान असताना माळ्यावर बसून गोफण फिरवायचे, हूऽऽ करून ओरडायचे, माझ्या हाकेला पलीकडच्या माळ्यावरून दुसऱ्या पोराची हाक यायची. आता राखणीला पोरं कुठून आणणार? ती शाळेत आहेत, आणि तिथेच असावीत. सत्तरीच्या आण्णांनी डब्यात खडे घालून दोरी बांधली, जुन्या कॅसेटची रीळ ताणली, चमकणारे कागद लावले. पाखरं चार दिवसांत सरावली.

जे उरलं ते काढायला माणूस मिळेना. तालुक्याच्या गावाहून उक्तं बोलून सहा जण आणले. ते दुपारी आले, दहिवर उडाल्यावर. ओढताना पाला चुरला, कणसं तुटून पडली, अर्धं रान झालं आणि दुसऱ्या दिवशी ते दुसरीकडे जास्त पैसे मिळाले म्हणून गेले. उरलेल्याला कापणीचं यंत्र लावलं. यंत्र ताट वरून कापतं. बुडाचा गोड, जाड भाग, ज्यासाठी जनावर जीव टाकतं, तो धसकटं होऊन रानातच राहिला. आण्णा दोन दिवस त्या धसकटांतून नुसते फिरत होते, असं आई म्हणते. कडबा निम्माच झाला. उन्हाळ्यात शेकडा पेंड्यांचा भाव ऐकून त्यांनी एक गाय आणि उरलेला एकुलता बैल विकला. बैल गेला तसं शेणखत गेलं. पुढच्या सालापासून ते रान सोयाबीन आणि त्यावर हरभरा, दोन्ही मशीनवर. उत्पन्न म्हणाल तर काही वर्षी बरंही असतं. बाहेरच्या माणसाला यात बिघडलेलं काही दिसणार नाही. रान हिरवंच आहे.

मध्ये एक वर्ष मात्र हात परत आले होते. २०२० च्या एप्रिलमध्ये माझा भाऊ चाकणहून मोटारसायकलवर घरी पोहोचला. त्या पावसाळ्यात त्याने कोळपणी केली, खुरपलं, आण्णांबरोबर बांध घातला. तळहाताच्या फोडांचे फोटो मला पाठवायचा. आई फोनवर वेगळ्याच आवाजात बोलायची. सगळं जग भेदरलेलं असताना माझी आई खूश होती, आणि त्याची तिला लाज वाटत होती. गणपती झाले, कंपनीतून फोन आला, तो गेला. त्याने जायलाच हवं होतं. दोन एकर ज्वारीवर त्याच्या दोन मुलांच्या शाळेची फी निघत नाही, हे मलाही समजतं.

या सगळ्याचा दोष एकट्या स्थलांतरावर टाकता येणार नाही. माझा नवरा बँकेत आहे, तो लगेच मुद्दे काढतो. सोयाबीनला रोख पैसा आला. रेशनवर गहू-तांदूळ आला, २०२३ पासून तर पाच किलो माणशी फुकट. पोरांना पोळी आवडते. सगळं बरोबर आहे. महाराष्ट्रात एके काळी साठ लाख हेक्टरांच्या वर ज्वारी असायची, आता ती वीस लाखांच्याही खाली आहे, तरी देशात पहिले आपणच. इतकी मोठी घसरण एका कारणाने होत नाही. पण ही कारणं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालतात. हात गेले म्हणून पीक बदललं, पीक बदललं म्हणून माघातलं गावातलं काम संपलं, काम संपलं म्हणून उरलेले चार कोयतेही गेले. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष जाहीर केलं होतं. आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तेव्हा ज्वारीचा पिझ्झा मिळायचा. मी खाल्ला. चांगला होता.

गेल्या मार्गशीर्षात वेळ अमावास्येला, म्हणजे येळवशीला, आम्ही सगळे गेलो होतो. आमच्या भागात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. ज्वारीच्या हिरव्या ताटांत कडब्याची कोप उभारायची, आत पांडव मांडायचे, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. बांधाबांधावर पुण्या-मुंबईच्या पासिंगच्या गाड्या लागल्या होत्या. आमच्या रानात ज्वारी नव्हती, कडबाही नव्हता. आण्णांनी शेजारच्या गावातून पाच पेंड्या विकत आणल्या होत्या आणि हरभऱ्यात कोप उभी केली होती. माझ्या मुलीने त्या कोपीत बसून खूप फोटो काढले. शेजारचं मामीचं रान मोकळं होतं. तिच्या सासऱ्याने बांधावर एकट्याने नारळ फोडला आणि आम्हाला खोबऱ्याचा तुकडा आणून दिला. आईने त्याला वाटीत भज्जी वाढली. स्टीलच्या, घरातल्या वाटीत. मी बघत राहिले. आता वळचणीला कप नाही. कधी गेला, कुणास ठाऊक.

तर ज्वारी. मी तीन दुकानं फिरले. तिसऱ्या दुकानात किराणावाल्याने पारदर्शक पिशवी पुढे केली. "ही घ्या मॅडम. बार्शीची मालदांडी. ओरिजिनल." बार्शी आमच्या गावापासून दीड-दोन तासांवर आहे. म्हणजे आमच्याच बाजूची ज्वारी आधी पुण्याला आली होती आणि आता माझ्या बॅगेतून परत आमच्या बाजूला निघाली होती. मी पाचाच्या ऐवजी दहा किलो घेतली. ट्रॅव्हल्समध्ये पायाशी ठेवली आणि रात्रभर तिला पाय लागू नये म्हणून अंग आखडून बसले.

सकाळी आईने चहाच्या आधी पिशवी फोडली. एक दाणा दाताखाली धरला, कडकन फोडला, काही बोलली नाही. मग सवयीने सूप आणलं, चार ओंजळी त्यात ओतल्या आणि अंगणात उभी राहून पाखडायला लागली. सुपाचा तो आवाज होता तसाच होता. दाणे उडाले, परत सुपात पडले. तूस नाही, खडा नाही, बोंड नाही, हलका दाणा नाही. यंत्रातून तीनदा निघालेली ज्वारी ती. आई तरीही पाखडत राहिली. समोर पत्र्यावर पाच-सहा चिमण्या येऊन बसल्या होत्या, सुपाच्या आवाजाला. शेवटी तिने हात थांबवला आणि सुपाच्या रिकाम्या टोकाकडे बघत म्हणाली, "कसली गं ही जवारी. चिमणीला टाकायलाबी काय निघंना."